एका कुलपावर दोघं

आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकासाठी देविकाताईंनी माझ्याकडे एका माणसाबद्दल लिहून मागितलं. "दिल्लीतला एखादा मराठी माणूस, तुम्हाला जवळून माहीत असलेला," असं त्या म्हणाल्या. मोठी माणसं मला जवळून माहीत नाहीत. म्हणून आमच्या घरात राहणाऱ्या मुलीबद्दल लिहितो. तिला आधी विचारलं. ती म्हणाली, "लिहा ना काका. पण जयेशचंही लिहा. त्याला वगळू नका."

तिचं नाव अक्षता. गाव पुसद. तिथे अजून रेल्वे पोचलेली नाही, आणि ही मुलगी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून रेल्वेच्या डब्यांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून दिल्लीला आली. कंपनीचा डेपो गुरुग्रामच्याही पलीकडे आहे. अप्रेंटिसशिप वर्षभराची. वर्ष नीट पार पडलं तर प्रमाणपत्र, आणि त्यातल्या काहींना तिथेच नोकरी.

आमचा मुलगा मानस गुरुग्रामला राहायला गेल्यापासून दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली रिकामी होती. भाडेकरू ठेवायचा नाही असं माझ्या पत्नीचं, वासंतीचं, ठाम मत होतं. देविकाताई अक्षताला घेऊन आल्या तेव्हा ही मुलगी सोफ्यावर न बसता आपल्या बॅगेवरच बसून राहिली. "अगं, वर बस ना," असं वासंती म्हणाली, तर ती म्हणे, "नाही काकू, प्रवासाचे कपडे आहेत." एवढ्यावर वासंतीचं मत फिरलं. संध्याकाळी बॅगेतून जवसाच्या चटणीची बरणी निघाली आणि मुलगी घरातलीच झाली.

पहिल्याच आठवड्यात तिने आम्हाला तिचं कुलूप दाखवलं. लाल रंगाचं, तळहाताएवढं. त्याला तिचा फोटो आणि नाव असलेला बिल्ला अडकवलेला.

"हे काय गं, कुलपाचं ओळखपत्र?" वासंतीने विचारलं.

"तसंच समजा. आमच्याकडे गाडी उभी असते आणि तिच्याखाली लांब खड्डा असतो. त्यात उतरून आम्ही खालून काम करतो. उतरायच्या आधी गाडीची वीज बंद करायची आणि त्या खटक्याला आपलं कुलूप लावायचं. जितकी माणसं खाली, तितकी कुलपं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत कोणी वीज चालू करू शकत नाही, गाडी हलवू शकत नाही. किल्ली एकच, आणि ती आपल्याच खिशात. दुसऱ्याने आपलं कुलूप काढायचं नाही, आपण दुसऱ्याचं काढायचं नाही."

"आणि किल्ली हरवली तर?"

"तर गाडी तिथंच, काकू."

मी विचारलं, वीज चालू करण्याआधी कोणी खाली वाकून बघत नाही का?

"बघतात ना. पण बघणारा माणूस दमलेला असतो, घाईत असतो. म्हणून कुलूप." मग ती हसली. "आमच्या बाबांचं पण हेच आहे. त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतावर मोटार दुरुस्त करायला गेले की खांबावरचा फ्यूज काढून आपल्या शर्टाच्या खिशात टाकतात. मालक म्हणतो, द्या माझ्याकडे, मी धरतो. बाबा देत नाहीत. म्हणतात, माझा जीव मी दुसऱ्याच्या खिशात ठेवत नसतो."

तिच्या वडिलांना, गुलाबरावांना, मी पाहिलेलं नाही. फोनवर दोनदा बोललो आहे. दोन्ही वेळा ते एवढंच म्हणाले, "पोरीवर लक्ष ठेवा साहेब." मी कधीच साहेब नव्हतो. हो म्हणालो.

जयेश तिच्याबरोबरचा अप्रेंटिस. भुसावळचा. आजोबा लोको शेडमध्ये, वडील सूर्यकांत मालगाडीवर गार्ड. या मुलाला रेल्वे बाळगुटीतूनच मिळालेली. बोलायला मोकळा, देखणा, आणि कमालीचा विसराळू. आमच्या घरी तो रविवारी येई आणि वासंतीला "काकू, तुमच्याकडे काय शिळं आहे?" असं दारातूनच विचारी.

जानेवारीत मंडळाची बस पानिपतच्या युद्धभूमीवर, काला अंबला गेली तेव्हा ही दोघं आमच्याबरोबर होती. तिथली मानवंदना झाल्यावर परतीच्या बसमध्ये जयेशने सगळ्यांना हसवलं.

"या अक्षताने पहिल्यांदा रेल्वे कधी पाहिली माहिती आहे का? अप्रेंटिस झाल्यावर! प्लॅटफॉर्मला ती एस.टी. स्टँड म्हणते."

"हो, आणि ह्याच्या घरात तीन पिढ्या रेल्वे," अक्षता म्हणाली. "तरी रोज शिफ्टला लेट. जुनी सवय असेल घराण्याची."

बसमधले सगळे हसले. जयेश सगळ्यांत जास्त हसला.

पण डेपोत त्याचं हसण्यावारी जात नव्हतं. एकदा तो हेल्मेट न घालता सापडला होता, एकदा खड्ड्यात फोन घेऊन उतरला म्हणून. दोन लेखी ताकिदी झाल्या होत्या. तिसरी झाली की नाव कमी, असा तिथला नियम. अक्षता त्याला सांगायची, "यार, तू सुधर." तो म्हणायचा, "सुधरून राहिलोय ना." तिच्या वऱ्हाडी बोलण्याची नक्कल करून.

आता त्या दिवसाचं लिहितो.

फेब्रुवारी संपत आला होता. अक्षताची पहिली शिफ्ट होती. भल्या पहाटे निघून ती दुपारी कंपनीच्या बसने परत येई. त्या दिवशीही आली, हातपाय धुऊन जेवायला बसली. तिचे कामाचे कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी वासंतीने सवयीप्रमाणे खिसे उलटे केले. एक किल्ली खाली पडली.

"अक्षता, ही कशाची गं? कपाटाची का?"

अक्षताने मागे वळून पाहिलं. तिचा वरणभाताचा हात ताटातच राहिला.

"काकू, माझं कुलूप. मी कुलूप काढायला विसरली."

ती उठून हात धुते तोवर तिचा फोन वाजला. तिचे सुपरवायझर नरसिंहजी होते. रेवाडीकडचे गृहस्थ, आवाज भारदस्त. फोन कानाला लावलेला असूनही आम्हाला ऐकू येत होतं.

"अक्षता, तेरा ताला लगा हुआ है. बाकी सबके निकल गए. तू कहाँ है?"

"सर, घर पर. सॉरी सर, मैं भूल गई."

"चल कोई बात नहीं, डाँट बाद में खा लेना. फोन स्पीकर पर है, सेफ्टी वाले साहब सुन रहे हैं. बोल दे कि तू गाड़ी से बाहर है. हम काट देते हैं. गाड़ी शाम को लाइन पर जानी है."

नियम असा होता हे तिने नंतर सांगितलं. कुलपाचा मालक निघून गेला असेल तर त्याला फोन लावायचा, त्याच्या तोंडून "मी बाहेर आहे" हे दोन माणसांसमक्ष ऐकायचं आणि मगच कुलूप कापायचं. मालकाच्या नावावर एक ताकीद लागते, विषय संपतो.

अक्षता त्या किल्लीकडे बघत राहिली.

"हैलो? बाहर है ना तू?"

"सर, दो मिनट. मैं अभी फोन करती हूँ."

"दो मिनट किस बात के? घर पर है तो बाहर ही हुई ना!"

तिने फोन बंद केला आणि लगेच दुसरा नंबर लावला. कानाला धरला. पुन्हा लावला. मग आमच्याकडे बघून म्हणाली, "जयेशचा फोन बंद आहे."

"त्याचं काय?" वासंतीने विचारलं.

तेव्हा तिने सांगितलं. सकाळी जयेश आपलं कुलूप खोलीवरच विसरून आला होता. सांगितलं असतं तर तिसरी ताकीद. तो कधी नव्हे तो घाबरलेला दिसला. अक्षता म्हणाली, "ये माझ्या कुलपावर." दोघं एकाच कुलपावर खड्ड्यात उतरले. दिवसभर काम केलं. शेवटी नरसिंहजींनी तिला मोठा पाना स्टोअरमध्ये जमा करायला पाठवलं. तिथे रांग होती. बाहेर बस हॉर्न वाजवत होती. ती तशीच पळत बसमध्ये चढली.

"आणि जयेश?"

"तो खालीच होता, काकू. शेवटचे बोल्ट तपासत होता."

"अगं, पण त्याला आता किती वेळ झाला! शिफ्ट संपल्यावर कोण बसतंय खड्ड्यात? गेला असेल तो घरी."

"हो, गेलाच असेल." तिने तिसऱ्यांदा फोन लावला. "खोलीवर जाऊन झोपला असेल. झोपताना तो फोन बंदच करतो. पण डेपोत पण फोन बंद करून गेटवर ठेवायला लागतो. मला कळत नाही ना, काकू, कोणत्या कारणाने बंद आहे ते."

आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाजवळ उभे होतो. ती जे विचार करत होती ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "मी बाहेर आहे" हे खरंच होतं. तेवढं बोललं की विषय संपत होता. आणि जयेशचं नाव घेतलं तर त्याचं वर्ष त्याच क्षणी संपत होतं, तिचंही बहुधा. सेफ्टीचा माणूस ऐकत असताना नरसिंहजींना हळूच काही सांगायचीही सोय नव्हती.

"काका, काय करू?"

मी म्हणालो, "वडिलांना फोन करून बघ."

"बाबा काय म्हणतील ते मला माहिती आहे," ती म्हणाली. "म्हणून तर करत नाही."

फोन परत वाजला. तिने उचलला, आणि एका दमात बोलली.

"सर, ताला मत काटिए. जयेश मेरे ताले पर था. वह नीचे हो सकता है."

पलीकडून नरसिंहजींचा आवाज आला, अगदी हळू. "बेटा, समझ के बोल. स्पीकर पर है."

"समझ के बोल रही हूँ सर. वह अपना ताला नहीं लाया था. मैंने उसे अपने ताले पर बुलाया था."

मागून दुसराच कोणी बोलला, कोरड्या सरकारी आवाजात. आता कुलूप कापता येणार नाही. खड्डा पूर्ण तपासायचा, आणि मालकानेच येऊन कुलूप उघडायचं.

ती निघाली. वासंतीने माझ्याकडे पाहिलं. मी चपला बदलल्या.

टॅक्सीत ती खिडकीला टेकून बसली होती, किल्ली मुठीत. टोलनाक्याजवळ गाड्या तुंबल्या होत्या. दुपारचं ऊन गुरुग्रामच्या काचेच्या इमारतींवरून डोळ्यांत येत होतं. ती मध्येच म्हणाली, "तिथे खड्ड्यात, गाडीखालच्या मोठ्या पेटीच्या मागे एक जागा आहे, काका. तिथे बसलं तर दोन्ही टोकांकडून दिसत नाही. तो तिथे बसतो कंटाळा आला की. सरांना सांगायला पाहिजे." आणि तिने तेही फोन करून सांगितलं. तिकडून काय म्हणाले कळलं नाही.

थोड्या वेळाने नरसिंहजींचा फोन आला. खड्डा रिकामा होता. पेटीमागेही कोणी नव्हतं.

"नहीं है ना सर? पक्का?"

"पक्का. तू आ जा."

मला वाटलं तिला हायसं वाटेल. ती आणखीच सरळ बसली. "मग कुठे आहे?" एवढंच म्हणाली.

डेपो जवळ आला तेव्हा जयेशचाच फोन आला. "अक्षे, काय झालं? इतके मिस्ड कॉल?"

"तू कुठे आहेस?"

"रूमवर. झोपलो होतो यार."

अक्षता इतकी मोठ्याने हसली की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. हसताहसताच तिचे डोळे भरले. ती "बरं झालं, बरं झालं" म्हणत राहिली. मग तिला बाकीचं सांगावं लागलं. मला पलीकडचं एकच वाक्य ऐकू आलं.

"म्हणजे तू माझं नाव सांगितलंस?"

फोन बंद झाला.

डेपोच्या गेटवर पहारेकऱ्याने मला बसायला आपली खुर्ची दिली. आत लांबवर गाडी उभी दिसत होती, तिच्या पलीकडे माणसांचा घोळका. अक्षता त्यांच्यात शिरली. आतून एक भोंगा वाजला आणि गाडीचे दिवे लागले. ती परत आली तेव्हा हातात ते लाल कुलूप होतं. बरोबर नरसिंहजी. पांढऱ्या मिशांचे, थकलेले. त्यांनी मला नमस्कार केला.

"अंकल जी, मैंने इसको कहा था, समझ के बोल. यह समझ के ही बोली." मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "पर रिपोर्ट तो लिखनी पड़ेगी. मेरी भी पेशी होगी."

चौकशी झाली. जयेशचं नाव अप्रेंटिसमधून कमी केलं. अक्षताची ती पहिलीच चूक, आणि तिने स्वतः सांगितलेली, म्हणून तिला ठेवलं. पण बरेच आठवडे खड्ड्याजवळ फिरकू दिलं नाही. स्टोअरमध्ये पाने पुसत बसायची. घरी आल्यावर जेवायची आणि खोलीत जायची. वासंती म्हणायची, "अच्छा, आज काय झालं तिकडे?" ती म्हणायची, "काही नाही काकू." तिच्या बोलण्यातलं "करून राहिली, जाऊन राहिली" हे वऱ्हाडी वळणसुद्धा कमी झालं.

होळीच्या आधी एका रविवारी जयेश आला. दारातून काही विचारलं नाही. माझ्या पाया पडला, वासंतीच्या पडला. भुसावळला परत चाललो आहे म्हणाला. अक्षता आतून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"बस ना," ती म्हणाली.

"मी बसायला नाही आलो. एकच विचारायला आलो. तूच म्हणालीस ना, ये माझ्या कुलपावर? मी मागायला आलो होतो का?"

"नाही. मीच म्हटली."

"आधी घरात घ्यायचं आणि मग पोलिसांना फोन करायचा. वा!"

"जयेश, तुझा फोन बंद होता."

"बंद होता तर काय मेलो होतो? शिफ्ट संपल्यावर मी खड्ड्यात काय अंडी घालणार होतो? बाहेर आलो, तुझं कुलूप दिसलं, वाटलं स्टोअरमधून येशील आणि काढशील. गेलो. साधी गोष्ट आहे. थोडा तरी भरवसा ठेवायचा ना यार."

"तुझ्यावर ठेवला होता. तू बाहेर आहेस यावर नाही ठेवता आला."

"खाली कोणी नव्हतं, अक्षता." त्याचा आवाज फुटला. "कोणीच नव्हतं. एका रिकाम्या खड्ड्यासाठी माझं वर्ष गेलं. पप्पांना काय सांगू? तीस वर्षं लाल-हिरवा झेंडा धरला त्यांनी, एक चूक नाही. ते बोलत नाहीत माझ्याशी."

अक्षता म्हणाली, "मला माहिती नव्हतं, कोणी नाही ते."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

वासंती मध्ये आली. "आता दोघं गप्प बसा. जयेश, पोळी खाऊन जा. शिळी नाही, ताजी आहे."

तो नको म्हणाला, पण बसला. खाली मान घालून जेवला. भूक लागली होती. जवसाची चटणी संपली तेव्हा त्याने ताट थोडं पुढे सरकवलं. अक्षताने उठून बरणी आणली आणि वाढली. तिच्याकडे न बघताच त्याने ती खाल्ली. जाताना पुन्हा आमच्या दोघांच्या पाया पडला. मग सरळ लिफ्टकडे गेला.

त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. त्याच्या जागी मीही चिडलो असतो. तिचं चुकलं असंही म्हणवत नाही. त्या दुपारी आमच्या टेबलापाशी जे माहीत होतं तेवढंच माहीत होतं, आणि खड्डा रिकामा आहे हे आम्हाला नंतर कळलं. पण जयेशला ते आधीपासूनच माहीत होतं, म्हणून त्याला ते कधी पटणार नाही.

अक्षताचं वर्ष पूर्ण झालं. प्रमाणपत्र मिळालं, आणि कंपनीने तिला ठेवूनही घेतलं. पेढे तिने आणले, पण डबा टेबलावर ठेवून खोलीत गेली. नव्या अप्रेंटिस मुलांना पहिल्या दिवशी नरसिंहजी कुलपाचा नियम समजावतात. तेव्हा ते ही गोष्ट सांगतात, नावं न घेता. "एक लड़की थी," अशी सुरुवात करतात. मुलं टाळ्या वाजवतात म्हणे. पहिल्यांदा हे घडलं त्या दिवशी ती घरी येऊन म्हणाली, "काका, मला तिथे उभं राहवलं नाही. सर त्या मुलीचंच सांगतात. एक मुलगा पण होता, ते कोणी विचारतच नाही."

जयेश सध्या भुसावळला एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे असं कोणाकडून तरी कळलं. रविवारी दुपारी, तो आमच्याकडे यायचा त्या वेळेला, अक्षता त्याला फोन लावते. तो उचलत नाही.

"मग कशाला लावतेस गं दर वेळी?" परवा वासंतीने विचारलं. "कट करतो का तो?"

"नाही काकू. कट नाही करत. पूर्ण वाजू देतो."

"मग?"

"मग काही नाही. त्या दिवशी बंद होता. आता वाजतो." तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. "चालू आहे, एवढं कळतं."